खारीचा फाटका कान

घोडेगाव, वस्तीवरून
१४ जून २०२५

ताई,

आपल्या खारी मांजरीचे सात फोटो पाठवतेय. सातही वाईट आलेत, आधीच सांगते. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलनं लिहिलंय, म्हणजे तुला कळेल की ते काय आहे.

एक: शेपूट. दोन: खारी जिथं बसली होती ती जागा. तीन: फ्लॅश मारला, त्यामुळे डोळे हिरवे, भूत झालीय. चार: परत शेपूट. पाच: माझं बोट. सहा: खारी आहे पण हलली, खारी बिस्किट चहात बुडवून काढल्यासारखी दिसतेय. सात: ही त्यातल्या त्यात बरी, पण मागे आईचा परकर वाळतोय आणि तो खारीच्या डोक्यावर मुकुटासारखा आलाय.

घरातलं मांजर. पायात घोटाळतं, ताटात तोंड घालतं, रात्री छातीवर येऊन झोपतं. मोबाईल वर केला की त्याला एकदम दुसऱ्या गावी काम निघतं. तू स्टुडिओत लोकांची रडकी पोरं कशी गप बसवतेस ते लिहून पाठव.

फोटो मोबाईलवरून पाठवता आले असते तर काय पाहिजे होतं. पण तू कल्याणदाजींशी लग्न करून गेलीस तेव्हापासून आबांचा नियम चालू आहे तो आहेच. डेअरीला दूध घालून आले की हात पुढे करतात. मी मोबाईल देते. चष्मा नाकावर ओढून कॉल बघतात, गॅलरी बघतात. तुझा नंबर तर त्यांनी स्वतःच्या हातानं ब्लॉक केलेला. आता गॅलरीत मांजरच मांजर. काल म्हणाले, "निके, हिचं लगीन जमवायचंय का? स्थळाला फोटो धाडतीस का काय?" आई हसली. आबा पण हसायचे राहिले थोडक्यात.

म्हणून आसारामभाऊच्या दुकानात प्रिंट काढते आणि पोस्टात टाकते. पोस्टात विचारलं तर कॉलेजचा फॉर्म. तू पण नेहमीसारखं मैत्रिणीच्याच पत्त्यावर लिही.

आता तुझ्या प्रश्नाचं. तू लिहिलंस की पंचमीला सगळ्या पोरी माहेरी जातात, मी पण बाळाला घेऊन येते, पण आबा दारात उभं करतील का ते खरं सांग. ताई, मी परत तेच सांगते. तू गेल्यावर आठव्या दिवशी आबांनी मला नगरला होस्टेलवर फोन केला आणि तुझा फोटो मागितला. "चांगला दे. तोंड सोच्छ दिसनारा." आवाज बसलेला होता. मी तो दिला, उंबऱ्यावर तू बसलीयस आणि खारी तुझ्या खांद्यावर चढलीय तो. ज्याला पोरगी नको झालीय तो माणूस तिचा फोटो कशाला मागेल? घरात कुठं लावलेला दिसत नाही, पण पाकिटात असेल. पाकीट कुणाला बघू देतात ते?

२९ जुलैला पंचमी आहे. दीड महिना आहे अजून. मी हळूहळू विषय काढते.

तुझी,
निकी

•

२६ जून २०२५

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, औषधाची चिठ्ठी. लेन्स पूस. फ्लॅश बंद. उजेड एका बाजूनं येऊ दे. पोटावर झोप, मांजराच्या डोळ्याला डोळा आला पाहिजे. आणि खाली दोन रेघा ओढून: आधी मागचं बघ, मग मांजर बघ.

म्हणून मी रविवारी सकाळी ओसरीवर पालथी पडले. आई गोठ्यातून आली ती ओरडतच, "काय गं, चक्कर आली का?" मी म्हणाले, फोटो काढतेय. ती म्हणाली, "कॉलेजात हेच शिकिवत्यात व्हय? फी भरून लोळायचं?"

मग मी मागचं बघितलं. तू म्हणतेस ते खरं आहे गं. मांजर बघताना मागचं काही दिसतच नाही. बादली होती, आबांच्या चपला होत्या, फवारणीचा पंप होता, एक कोंबडी होती. सगळं हलवलं. कोंबडी दोनदा हलवली. तेवढ्यात खारी उठून निघाली, कारण तिचं नेहमीचं.

आणि मग, ऐक आता, आबा आले. दारातच उभे राहिले. मला वाटलं बोलणार. त्यांनी खिशातून बिस्किटाचा रिकामा पुडा काढला आणि माझ्या डोक्याच्या मागं उभं राहून चुरगळला. चुरचुर. खारी थांबली, वळली, दोन्ही कान उभे.

"हां. काढ आता," म्हणाले.

फोटो नंबर आठ. बघ म्हणजे कळेल. मिशा मोजता येतात. डाव्या कानाची फट सुद्धा दिसते, दारात सापडून फाटला होता आणि तू रात्रभर हळद दाबून बसली होतीस तो. आबांनी मोबाईल हातात घेतला आणि तो फोटो लई वेळ बघितला. मोठा करून खारीच्या कानावर आणला. म्हणाले, "सांधला न्हाईच कधी हा." आणि गेले.

ताई, तू ये. मी सांगते, ये. ज्या माणसाला मांजराचा कान आठवतोय त्याला तू आठवत नसशील का?

आसारामभाऊ पण आठ नंबरवर खूश. म्हणाला, "निकिता, तू काढलेल्या फोटोचा विषयच न्हाई. मागं दहा बाय सहाला ताणला तरी फुटला न्हाई." मी विचारलं कुठला फोटो. त्याचा कागद मशिनीत अडकला बहुतेक, तो तिकडं वळला. कुणाचा तरी दुसऱ्याचा सांगत असेल.

खारी गाभण आहे, हे सांगायचं राहिलं. पोट जमिनीला लागत होतं. परवापासून दिसत नाही. आई म्हणते अंधारात कुठंतरी व्यायली असेल, शोधू नको. मी शोधणार. पिल्लांचा फोटो तुला पंचमीच्या आधी मिळेल.

निकी

•

४ जुलै

ताई,

सोबत फोटो नाही. काढलाय. पाठवत नाही.

खारी सापडली. गोठ्याच्या माळ्यावर, कडब्याच्या मागं. चार पिल्लं. सकाळी शिडी लावून चढले. पत्र्याच्या फटीतून उजेड येत होता, एकाच बाजूनं, तू सांगतेस तसा. मी ओढणीनं लेन्स पुसली. पालथी झाले. खारीनं मान वर केली आणि मी काढला. दाबतानाच कळलं की हा फोटो चांगला आला. आयुष्यात पहिल्यांदा असं आधी कळलं.

मग मी मागचं बघितलं. आधी बघायचं असतं, मी नंतर बघितलं.

खारीच्या पाठीमागं एक डोळा होता. माणसाचा. माझ्या तळहाताएवढा, काजळ घातलेला.

मला वाटलं सोन्याच्या दुकानाचा जुना फ्लेक्स असेल, सगळेच कडब्याला टाकतात. मी कडब्याच्या दोन पेंढ्या ओढल्या. दुसरा डोळा. अजून चार ओढल्या. नाक, दात, तू हसतेयस. तुझ्या खांद्यापाशी झेंडूचा हार, कॉम्प्युटरवरचा. हाराच्या वर एक कान. फाटका, डावा. एक खारी माझ्यापुढं पिल्लं चाटत होती आणि दुसऱ्या खारीचा कान तुझ्या खांद्यावर होता.

मी अजून ओढल्या पेंढ्या. नको होत्या ओढायला.

खाली लिहिलंय, भावपूर्ण श्रद्धांजली. तुझं पूर्ण नाव, राजनंदिनी गहिनीनाथ. दिवस, १२ मे २०२३. तुझ्या लग्नाचा दिवस.

त्याच्या खाली शोकाकुल. गहिनीनाथ, मालनबाई, निकिता.

निकिता मी आहे.

मी शिडीवरून कशी उतरले माहीत नाही. अक्षर बघतेच आहेस. तू पंचमीला येऊ नको. थांब, असं पण नको लिहायला. मला माहीत नाही. तुझं तिकीट काढलं असेल तर

•

८ जुलै

ताई,

मागचं पत्र अर्धवटच टाकलं, आबांची गाडी वाजली म्हणून. आता सगळं लिहिते. आबा घोडेगावच्या बाजारात गेलेत, कालवड बघायला, दुपारपर्यंत येत नाहीत.

चार दिवस मी माळ्याखालून ये-जा केली. घरात कुणाला काही वाटलं नाही. आई गवार मोडत बसली होती, मी समोर जाऊन बसले.

"आई, माळ्यावर काय आहे?"

"कडबा."

"कडब्याखाली?"

ती गवार मोडतच राहिली. म्हणाली, "पिल्लांना हात लावू नको. जागा बदलंल ती."

"आई."

"चारच तास व्हता," ती म्हणाली. "सकाळी सहाला लावला फाट्यावर, धाला काढला."

"कुणी काढला?"

"ज्यांनी लावला त्यांनीच."

"का काढला?"

तर ऐक का काढला. मी जसं ऐकलं तसंच लिहिते, मला यातलं काही रंगवायचं नाही.

आपल्या शेजारची बायडाबाई. तिला वाचता येत नाही. ती सकाळी फाट्यावर दूध घेऊन गेली, तिनं तुझं तोंड बघितलं, तोंडाला हार बघितला, आणि तिथंच मटकन बसली. तिला कोण सांगणार की पोरगी जिवंत आहे, लग्न करून गेली म्हणून बापानं ती मेली असं लावलंय. तशीच उलट घरी गेली, चूल पेटवली, भाकरी थापल्या, पिठलं केलं, आणि टोपली डोक्यावर घेऊन रडत आपल्या दारात आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. आईच्या गळ्यात पडली. "माझं लेकरू कसं गेलं गं," म्हणाली. "कशानं गेलं? अंगावर काढलं का काय?" तिच्या मागून अजून दोघी आल्या, टोपल्या घेऊन.

"मग तू काय सांगितलंस?" मी आईला विचारलं.

"काय सांगू? जित्ती हाय म्हनू? मग फाट्यावर कोन हाय म्हनली असती."

"मग?"

"मग काय. बसले त्यांच्या संगं. त्या रडल्या, मी बी रडले. रडायला तर आलंच व्हतं."

"आणि टोपल्या?"

"परत कशा धाडायच्या? कुनी मयताचं आनलेलं परत धाडतं का?" आईनं गवारीचा वाटा बाजूला सारला. "खाल्लं."

ताई, आईनं खाल्लं. तू तिकडं संगमनेरला नव्या घरात भाजी टाकत असशील आणि इकडं आईनं तुझ्या मयताची भाकरी खाल्ली. आबांनाही वाढलं होतं. ते ताटावर बसले, घास हातात घेतला आणि तसाच ठेवून उठले. थेट फाट्यावर गेले आणि दोऱ्या कापून फ्लेक्स घेऊन आले. त्यांचं ताट खारीनं चाटून पुसून साफ केलं, म्हणाली आई. हे सांगताना तिला हसू आलं. मग ती पदर तोंडाला लावून आत गेली.

मी काल आसारामभाऊकडे पण गेले होते. दुकानात गिऱ्हाईक होतं ते जाईपर्यंत उभी राहिले. तो म्हणाला, "बापानं सांगितलं, बापाचा फोटो, बापाचा मजकूर. मी मशीन चालिवतो." मग म्हणाला, "मांजर काढायचा लई प्रयत्न केला मी. कान ऱ्हायलाच. केसात मिसळला व्हता. म्हनून हार टाकला तिथं." जसं काही मी कानाबद्दल विचारत होते.

आता माझं.

मी तुला दोन वर्षं सांगतेय की आबांनी फोटो मागितला. पुढचं सांगितलं नाही. तो फोटो पाठवायच्या आधी मी त्याच्यावर अर्धा तास बसले होते. तुझ्या चेहऱ्यावर सावली होती, मी उजेड वाढवला. डोळे जरा उठावदार केले. मला वाटलं आबा बघतील आणि विरघळतील. त्यांनी परत फोन केला, "ह्यातलं मांजर काढता येतं का?" मी म्हणाले, आबा, मांजरामुळंच तर हसतेय ती, राहू द्या. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, कसा वाटला फोटो? म्हणाले, "चांगला आला." आणि मी होस्टेलच्या गच्चीवर उड्या मारल्या.

अजून एक. फ्लेक्स लागला असेल त्या दिवशी गावच्या ग्रुपवर एकामागून एक मेसेज आले आणि मी उघडेपर्यंत सगळे डिलीट झाले होते. पंधरा-वीस असतील. मैत्रीण म्हणाली, विचार ना काय होतं. मी विचारलं नाही. आई म्हणाली, दिवाळीपर्यंत घरी येऊ नको, अभ्यास कर. मी तेही ऐकलं. गावात आल्यावर बायका माझ्याकडं बघून बोलायच्या थांबायच्या. मला वाटलं, तू पळून गेलीस म्हणून थांबतात.

मला काहीच माहीत नव्हतं, हे खरं आहे. मी विचारलं नाही, हे पण खरं आहे. आणि न विचारता तुला सांगत राहिले की ये, पाकिटात फोटो आहे, ये. तू बाळाला घेऊन त्याच फाट्यावर एसटीतून उतरली असतीस. बायडाबाई तिथंच बसते अजून, दुपारची. तिला नंतर कळलं म्हणे, आणि ती आठ दिवस आईशी बोलली नाही. पण आधी कसं रडली असेल ते डोक्यातून जात नाही.

आता मी काही सांगत नाही. तू विचार कर.

निकी

•

१७ जुलै

ताई,

तुझं उत्तर आलं. एकच ओळ. "त्या फ्लेक्सचा फोटो पाठव, पूर्ण."

मी चार वेळा वाचली. मागं पण बघितलं, काही लिहिलंय का. नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी चढले. आबा वरती होते. कडब्यावर मांडी घालून बसलेले, मांडीवर एक पिल्लू, आता डोळे उघडलेलं. खारी शेजारी पसरलेली. मला बघून पिल्लू खाली ठेवायला लागले, मग ठेवलंच नाही.

मला वाटलं होतं मी ओरडेन. मी म्हणाले, "आबा, ताईला मुलगी झालीय. आठ महिन्यांची आहे."

ते पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवत होते. बोट थांबलं. मग परत फिरायला लागलं.

"पंचमीला येते म्हणत होती."

त्यांनी पिल्लाच्या अंगावरची कडब्याची काडी काढली.

"आबा, ह्या कडब्याखाली काय आहे?"

"कडबा खालून भिजतो. म्हनून हातरलंय."

"लोक फ्लेक्स वरून टाकतात. आपल्या कडब्यावर ताडपत्री आहे."

"वरून टाकला का उन्हानं रंग उडतो त्याचा," आबा म्हणाले.

म्हणाले आणि त्यांनाच ऐकू आलं बहुतेक काय म्हणाले ते. मान खाली घातली. खाली गोठ्यात म्हैस दावं ओढत होती.

मग म्हणाले, "तिला कळलंय का?"

"मी कळवलं."

"काय म्हनली?"

"फोटो मागितलाय. ह्याचा."

ते उठले. मला वाटलं आता उतरून जातील, नाहीतर मोबाईल मागतील. त्यांनी पिल्लू खारीपाशी ठेवलं आणि पेंढ्या काढायला लागले. एकेक. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "तू सर." सगळा कडबा एका बाजूला रचला. फ्लेक्सचं एक टोक आढ्याच्या लाकडाला बांधलं. दुसरं बांधायला तिकडं काहीच नव्हतं, म्हणून ते हातात धरून उभे राहिले. माळ्यावर सरळ उभं राहता येत नाही, वाकूनच. दहा बाय सहा. जड असतो गं तो.

"काढ," म्हणाले.

"आबा, तुम्ही येताय फोटोत."

"दिसू दे."

मी पालथी झाले. लेन्स पुसली. फटीतून उजेड होता तेवढा. खारी मधेच पिल्लू तोंडात धरून उठली आणि येऊन बसली ती बरोबर फ्लेक्सच्या खाली, शोकाकुलच्या ओळीपाशी. पाठ करून. मी थांबले, ती वळायला पाहिजे होती. आबांचे दोन्ही हात गुंतलेले. त्यांनी तोंडानंच आवाज काढला, च्च, च्च, तू काढायचीस तसा. खारी वळली.

तो फोटो सोबत आहे, नंबर नऊ. आसारामभाऊकडे नाही काढला, नगरला जाऊन काढला. मी त्यातलं काहीच कापलं नाही. उजेडसुद्धा वाढवला नाही, त्यामुळे आबांचं तोंड अर्धं अंधारात आहे. तू आहेस, हार आहे, ते दोन शब्द आहेत, तारीख आहे, माझं नाव आहे. कान दोनदा आहे.

आबा रडतायत का, असं तू विचारशील. मला माहीत नाही. मी खारीच्या डोळ्याकडं बघत होते.

त्या संध्याकाळी दूध घालून आले आणि नेहमीसारखा हात पुढे केला. मी मोबाईल दिला. तो फोटो उघडाच होता. उभ्यानंच बघितला. डिलीट केला नाही. परत देताना विचारलं, "पोरीचं नाव काय ठिवलं?"

ओठावर आलं होतं माझ्या. मी म्हणाले, "ते तिला विचारा."

तुझा नवीन नंबर मी एका कागदावर लिहून त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवला. कप उचलला तेव्हा कागद नव्हता. आज तीन दिवस झाले, त्यांनी फोन केलेला नाही, आणि माझा मोबाईल तपासायला हातही पुढे केलेला नाही. काल सदरा धुवायला टाकताना पाकीट काढत होते, त्यात कागदाची घडी दिसली. तोच कागद असेल. नसेल.

मागच्या वेळी मी अर्थ लावला होता. या वेळी लावत नाही. फोटो तुझ्याकडं आहे, तूच बघ. आधी मागचं.

निकी